गाणं संपल्यावर

महिन्याच्या महिन्याला पैसे भरून गाणी ऐकणाऱ्या माणसाच्या अपेक्षा त्या किती असणार? लावलेलं गाणं लागावं आणि ते संपलं की गप्प बसावं. यातलं पहिलं काम माझं ॲप बहुतेक वेळा करतं. दुसरं त्याला कोणी शिकवलेलंच नाही.

संध्याकाळी कृषीनगरच्या जॉगिंग ट्रॅकवर मी कानात मारवा घेऊन फिरतो. या रागात पंचम म्हणजे ‘प’ नाही, आणि षड्जालाही, म्हणजे ‘सा’लाही, गायक सारखी हुलकावणी देत असतो. ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लागतो. ख्यालाचा शेवटचा जलद भाग, म्हणजे द्रुत, संपवून एकदाचा तो सा लागतो, तंबोरे वाजत राहतात, आणि पुढचं अर्धं मिनिट मला कोणाचंही काही ऐकायचं नसतं. नेमकं तेव्हाच कोणीतरी ढोलाच्या तालावर ‘पार्टी’ म्हणून ओरडतं. ‘तुम्हाला हेही आवडेल!’ कोणी सांगितलं?

मिसळीबरोबर पापड, दही, जिलबी आली म्हणून कुठलाही नाशिककर तक्रार करणार नाही. पण शेवटचा पाव संपायच्या आत मालकाने न विचारता पावभाजीचा घास तोंडापुढे धरला, तर?

गाण्यांचा क्रम पत्त्यांसारखा पिसणाऱ्या शफलचं तर बोलायलाच नको. आधीचं संथ विलंबित आणि नंतरचं द्रुत वेगवेगळ्या ट्रॅकवर असतात, त्यामुळे द्रुत आधी, मग एखादं भजन, मग विलंबित, असा नवाच घराणेदार क्रम ऐकायला मिळतो. २०२१ साली ब्रिटिश गायिका अडेलने आग्रह धरला, तेव्हा स्पॉटिफायने अल्बमच्या पानावर आपोआप शफल करणारं बटण हटवलं. गाण्यांचा क्रम विचार करून लावलेला असतो, त्यातून गोष्ट सांगायची असते, असं तिचं म्हणणं. बरोबरच आहे. ख्यालवाल्यांच्या वतीने असं कोण भांडणार?

भाचा पुण्यात आयटीत आहे. म्हणाला, “मामा, तुम्ही ऐकत राहावं म्हणूनच असतं ते. सेटिंगमध्ये जाऊन ऑटोप्ले बंद करा.” केलं. पुढच्या अपडेटनंतर ते परत चालू, वर पडद्यावर उभे व्हिडिओ नाचायला लागले आणि शेअर बाजारावरचे पॉडकास्ट आले. मारवा ऐकणाऱ्याला शेअर बाजाराची चिंता असावी, हा अंदाज कशावरून बांधला देव जाणे.

यंत्राची सक्ती पूर्वीही होती म्हणा. ख्यालगायक द. वि. पलुस्कर यांचा जन्म आपल्या नाशिकचा, १९२१ चा. त्यांच्या ७८ गतीच्या तबकड्यांची एक बाजू जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांची. अख्खा राग तेवढ्यात आटोपायचा. पण बाजू संपली की सुई नुसती खरखरत राहायची. पुढचं ऐकायचं असेल तर उठून तबकडी उलटायला लागायची, आणि उठायचं की नाही हे आपण ठरवायचो.

आता मी गाडीत पेन ड्राइव्ह लावतो. त्यात फक्त माझी गाणी, माझ्या क्रमाने. थांबत तोही नाही. शेवटचं संपलं की पुन्हा पहिल्यापासून सुरू. पण स्वतःच्या मनाने काही घालत नाही, तेवढं मी चालवून घेतो.