एनआरजेची नोंदवही: पाचशे वॅटपासून चाळीस टक्क्यांपर्यंत

मंडळी, फ्रान्सची एफएम रेडिओ स्टेशनं ऐकून त्यांच्या नोंदी करायचं काम बरंच पुढे सरकलंय. या खेपेला सगळा वेळ पॅरिसच्या एनआरजे या खासगी संगीत-स्टेशनवर गेला. तिथल्या एफएम लहरी आपल्याकडे पोचत नाहीत, म्हणून ऐकणं इंटरनेटवरून. सोबत कागदावर १९८१ पासूनची कालरेषा आखतोय.

कालरेषेच्या सुरुवातीलाच एक मजेदार गोष्ट सापडली. ज्यां-पॉल बोदक्रू यांनी स्टेशन काढलं ते पॅरिसच्या पूर्वेला, मेनिलमोंतां-बेलव्हीलच्या उंचवट्याकडे. एफएमचा अँटेना जितका उंच, तितक्या लहरी लांब पोचतात. फ्रेंच संशोधक क्लोद शाप यांनी १७९० च्या दशकात लांबून दिसणाऱ्या खुणांनी निरोप धाडणाऱ्या दूरसंदेश यंत्राचे प्रयोग केले तेही याच टेकाडावर!

१९८१ च्या नोव्हेंबरातल्या कायद्याने खासगी स्थानिक रेडिओला वाट मोकळी झाली, पण जाहिराती घ्यायला बंदी होती. ती १९८४ च्या उन्हाळ्यात उठली. एनआरजे धंदा म्हणून उभं राहिलं ते त्यानंतर.

मी सगळ्यात जास्त रेंगाळलो ते १९८४ च्या डिसेंबरात. तेव्हा प्रक्षेपणाच्या शक्तीची मर्यादा पाचशे वॅट होती. एफएमच्या पट्ट्यावर स्टेशनांची नुसती झुंबड, जो तो शक्ती वाढवून शेजाऱ्याला दाबत होता. नियामक संस्थेने मर्यादा मोडणाऱ्या काही स्टेशनांवर निलंबनाची कारवाई केली, त्यांत एनआरजेही होतं. स्टेशनने थेट हवेतूनच श्रोत्यांना हाक दिली आणि ८ डिसेंबरला पॅरिसचे रस्ते तरुण पोरांनी भरून गेले. मोर्चात गायिका दालिदासुद्धा होत्या. सरकारला नमतं घ्यावं लागलं. नियमाच्या बाजूने बघितलं तर एनआरजेचं चुकलंच होतं, असं माझं स्पष्ट मत आहे. पण गाणी ऐकायला मिळावीत म्हणून एवढी माणसं रस्त्यावर उतरतात, हे वाचताना अंगावर काटा येतो. दालिदांचे निकटवर्ती मॅक्स ग्वाझिनी तेव्हा स्टेशनच्या कारभारात होते. पुढे ‘स्ताद फ्रांसे’ या रग्बी क्लबचे अध्यक्ष झाले आणि खेळाडूंना गुलाबी जर्सी घालायला लावली, तेच हे.

१९८६ च्या कायद्यानंतर गावोगावच्या फ्रिक्वेन्सी जोडून देशभर जाळं विणता आलं. पुढे ‘शेरी एफएम’, ‘नोस्ताल्जी’ अशी भावंडं समूहात आली. हा भाग मी भराभर उरकला.

खरी मेहनत लागली ती गाण्यांच्या यादीला. १९९४ च्या कायद्याने ठरवलं की, १९९६ पासून खासगी स्टेशनांवरच्या लोकप्रिय गाण्यांपैकी किमान ४० टक्के फ्रेंच भाषेतली हवीत आणि त्यांतली निम्मी नव्या कलाकारांची किंवा नव्या निर्मितीची. हा कोटा भर वर्दळीच्या वेळेतच पाळायचा: आठवड्याच्या कामाच्या दिवशी सकाळी साडेसहा ते रात्री साडेदहा. मध्यरात्री फ्रेंच गाण्यांचा ढीग वाजवून आकडा जुळवायची सोय नाही. मग स्टेशनं तीच दहा गाणी फिरवून फिरवून वाजवतात, या तक्रारीवर २०१६ मध्ये आणखी एक तरतूद आली: फ्रेंच गाण्यांच्या एकूण वाजवणीत सर्वाधिक वाजणाऱ्या दहा गाण्यांचा वाटा निम्म्याच्या वर गेला, तर निम्म्यापेक्षा जास्तीची वाजवणी कोट्यात धरायची नाही.

आता मी तासाची यादी उतरवतो तेव्हा प्रत्येक फ्रेंच गाण्यापुढे ते नवं की जुनं, हेही लिहितो. निवेदकाच्या आवडीइतकाच कायद्याचाही हात त्या यादीला लागलेला दिसतो.

पुढचा टप्पा कॅनडातल्या माँट्रियलचा. तिथल्या एफएम ९४.३ वरचं ‘एनर्जी’ स्टेशन २००९ ते २०१५ एनआरजे या नावाने वाजत होतं. त्या काळातल्या जिंगल्स (स्टेशनच्या ओळखीच्या छोट्या धुना) कोणाकडे ध्वनिमुद्रित असतील, तर जरूर कळवा.