बॅरलचा काहीच दोष नव्हता
मी जर्मनीत थुरिंगियामध्ये एका छोट्या वर्कशॉपमध्ये जुन्या बंदुकांचं काम करतो. झ्योमर्डा इथून जवळच आहे, म्हणजे योहान निकोलाउस ड्रायझेचं गाव, ज्याची सुईवाली रायफल प्रशियाने 1841 चं मॉडेल म्हणून सैन्यात घेतली. त्यामुळे ड्रायझे दुरुस्तीला येणं इथे नवीन नाही, पण परवाची केस काही डोक्यातून जात नाहीये.

गिऱ्हाईक म्हणजे एक रिटायर्ड गृहस्थ. म्हणाले बॅरल गेलंय, आत नवीन लायनर, म्हणजे बॅरल कोरून आत बसवायची नवी नळी, घालून द्या. सोबत टार्गेटचे कागद आणले होते, 50 मीटरवरून मारलेल्या गोळ्या कागदातून आडव्या गेलेल्या, गोल भोकं नाहीतच, नुसत्या लांबट चिरा. आता दीडशे वर्षांपूर्वीचं ओरिजिनल बॅरल कापायचं म्हणजे माझ्या जिवावर येतं. लाइट टाकून आत बघितलं तर थोडा गंज खाल्लेला, पण गोळीला फिरकी देणाऱ्या आतल्या चारही पिळदार खाचा शाबूत.

या रायफलीत गोळी बॅरलला शिवतच नाही हो! बोअर, म्हणजे बॅरलच्या आतलं भोक, 15.43 मिमी आणि गोळी 13.6 मिमी. मधली जागा भरते ती दाबलेल्या कागदाची वाटी, गोळी तिच्या पुढच्या खळग्यात बसते आणि ठोका बसला की पेटून दारू पेटवणारी टिकली तिच्या बुडात. सुई मागून कागद फोडून सगळी काळी दारू पार करत टिकलीवर आदळते, म्हणूनच ती सुई लांब आणि भट्टीतच राहिल्यासारखी सारखी जळत असते. सगळे लोक सुईचंच कौतुक करतात, पण खाचा पकडते ती वाटी, फिरते ती वाटी आणि गोळीला फिरवतेही तीच, माझ्या मते ड्रायझेची खरी करामत तिथे आहे. फ्रेंचांच्या 1866 च्या शास्पो रायफलीमध्ये ही भानगडच नाही, तिथे 11 मिमीची गोळी थेट खाचांत जाते आणि मागचा गॅस रबराची रिंग अडवते. ड्रायझेला अशी रिंग नाही, त्यामुळे मागून गरम झुळूक तोंडावर येते, चष्म्याशिवाय मी कुणाला हात लावू देत नाही.

दुपारी रेंजवर गेलो. त्यांनी विकत आणलेली काडतुसं त्यांनीच झाडली, गोळ्या परत आडव्या. मी टार्गेटकडे न जाता बॅरलच्या पुढे गवतात वाट्या शोधत बसलो, त्या जवळपासच पडतात. एक सापडली, कडेला काळी, पण खाचांचा एकही ठसा नाही, बोटाने दाबली तर चक्क भुगा झाला. म्हणजे वाटी नुसती घसरत गेली, गोळी न फिरताच बाहेर पडली आणि फिरकी नसल्याने हवेत आडवी झाली.

मग आमच्या वर्कशॉपच्या वाट्यांची काडतुसं दिली, कडक दाबलेली, बोअरच्या मापाला जरा जास्तच घट्ट. पहिल्याच बाराला भोक गोल! वाटी उचलून दाखवली तर तिच्या अंगावर चार स्पष्ट उभ्या धारा. काका ती वाटी हातात फिरवत राहिले आणि मग मला म्हणाले, बॅरलला हात लावू नका.

याच बॅरलांनी 3 जुलै 1866 ला क्योनिगग्रेट्सच्या लढाईत ऑस्ट्रियाचा निकाल लावला, समोरचे लोरेन्झ रायफलवाले तोंडाकडून गोळी ठासत होते आणि प्रशियन जमिनीवर आडवे पडूनही भरत होते. असलं बॅरल कुणाच्या तरी भुसभुशीत कागदापायी कापलं गेलं असतं, याचा मला खरंच राग येतो.

लायनर रद्द झालं. त्याऐवजी त्यांच्या बोअरचं माप घेऊन वाटीचा पोलादी साचा लेथवर लावलाय, कारण या रायफलींचे बोअर सगळे सारखे निघत नाहीत.