जुन्या बंदुकांचा संग्रह चोरीला गेला तेव्हा: माझा अनुभव

माझ्या संग्रहात अस्सल जुन्या बंदुका होत्या, तशा अलीकडे तयार झालेल्या प्रतिकृतीही होत्या. चकमकीच्या (गारेच्या ठिणगीनं उडणाऱ्या), टोपीच्या (घोडा आपटल्यावर पेटणाऱ्या छोट्या धातूच्या टोपीनं उडणाऱ्या), एक तोड्याची (जळत्या वातीनं उडणारी), काही पिस्तुलं. आणि त्यांच्या शेजारी इटलीत बनलेल्या, खरोखर बार उडवता येईल अशा नकला. चोरांनी सगळं एकत्रच उचललं. पुढच्या सोपस्कारांत मात्र या दोन जातींच्या वाटा वेगळ्या निघाल्या. ज्यांच्याकडे असा मिश्र संग्रह आहे त्यांना हे आधीच ठाऊक असावं, म्हणून लिहितोय.

तक्रार लिहून घेणाऱ्या अधिकाऱ्याचा पहिला प्रश्न होता, “यातल्या उडतात कुठल्या?” त्या क्षणी मला तो लागला, कारण माझ्या डोळ्यांसमोर रिकामी भिंत होती. पण प्रश्न बरोबरच होता. आपल्यासाठी तो इतिहास असतो. पोलिसांसाठी ती आधी बाहेर मोकळी फिरणारी हत्यारं असतात. त्यातही कायदा सगळीकडे सारखा नाही. अमेरिकेच्या संघीय कायद्यात १८९८ पर्यंत बनलेली बंदूक पुरातन ठरते, आणि काळी दारू ठासून उडवायची नवी प्रतिकृतीही त्याच सवलतीत बसते. ब्रिटनमध्ये जुनी बंदूक केवळ शोभेची किंवा कुतूहलाची वस्तू म्हणून ठेवली असेल तरच परवान्यातून सुटते; उडणाऱ्या नव्या प्रतिकृतीला ती सूट नाही. एकाच कारखान्यातली एकच प्रतिकृती, पण सीमा ओलांडली की तिची कायद्यातली ओळख बदलते. त्यामुळे माझ्या यादीत प्रत्येक वस्तूपुढे ती अस्सल की प्रतिकृती, बार कसा भरतात, उडते का आणि परवान्याखाली येते का, हे सगळ्यात आधी लिहिलं.

तक्रारीच्या पहिल्या मसुद्यात ‘जुन्या बंदुका व पिस्तुले’ एवढंच आलं होतं. तेवढ्यावर सही करायला मी नकार दिला आणि सविस्तर यादी जोडायची विनंती केली. या एका गोष्टीवर अडून बसावं, असं माझं ठाम मत आहे. पुढे मुद्देमाल सापडला तर तो आपलाच आहे हे त्याच कागदावरून ठरतं.

वर्णन करण्यासाठी ‘ऑब्जेक्ट आयडी’ नावाचा आंतरराष्ट्रीय नमुना आहे. अमेरिकेतल्या गेटी या कलासंस्थेच्या पुढाकारानं तो १९९७ मध्ये आला आणि आता संग्रहालयांची जागतिक परिषद, म्हणजे आयकॉम, तो सांभाळते. छायाचित्रं, मापं, साहित्य, ठसे-अक्षरं, काळ, घडवणारा हे सगळं त्यात येतंच. पण खरा जीव आहे तो ‘वेगळेपणाच्या खुणा’ या रकान्यात. ‘ब्राउन बेस मस्केट’ असं लिहून काहीच कळत नाही, कारण ब्रिटिश सैन्याच्या त्या जातीच्या लांब बंदुका शंभर वर्षं मोठ्या संख्येनं बनत होत्या. माझ्या मस्केटच्या कुलपावर, म्हणजे बार पेटवणाऱ्या यंत्रणेवर, ईस्ट इंडिया कंपनीची खूण होती, पण तशाही पुष्कळ आहेत. तिच्या दस्त्याला मात्र कुलपामागे एक चीर गेली होती आणि कुणा जुन्या कारागिरानं ती दोन पितळी खिळ्यांनी आवळली होती. पुढचा खिळा लाकडाशी सपाट, मागचा किंचित आत दबलेला; बोट फिरवलं की कळायचं. अशी दुसरी बंदूक जगात नाही.

कोल्ट १८५१ नेव्ही रिव्हॉल्व्हरच्या बाबतीत तर संग्राहकाच्या हिशोबातलं उणं शोधाच्या हिशोबात अधिक ठरलं. या रिव्हॉल्व्हरचा अनुक्रमांक सांगाडा, नळी, चापाचं कडं, पाठपट्टी अशा अनेक भागांवर ठोकलेला असतो. नळी अडकवणाऱ्या छोट्या पाचरीवरसुद्धा. सगळे जुळले तर किंमत चढते. माझ्याकडच्या पाचरीवरचा आकडा वेगळा होता, म्हणजे कधीतरी दुसऱ्या रिव्हॉल्व्हरची पाचर तिथे बसली होती. पण तो अमुक क्रमांकाचा सांगाडा आणि तमुक क्रमांकाची पाचर ही जोडी एकमेव. गोळ्या भरायच्या फिरत्या चक्रावर कोरलेलं आरमारी लढाईचं चित्र कुठे झिजलंय आणि कुठली गलबतं अजून दिसतात, हेही लिहिलं. पुसट ठशांची छायाचित्रं मी पूर्वीच बाजूनं तिरपा उजेड टाकून काढली होती आणि पातळ कागद ठेवून पेन्सिलीनं ठसेही उतरवले होते. त्या कागदांचा तपास अधिकाऱ्यांना छायाचित्रांपेक्षा जास्त उपयोग झाला.

प्रतिकृतींच्या वर्णनात बरेच जण हात आखडता घेतात. तसं करू नका. इटालियन प्रतिकृतीच्या नळीवर ती बार सोसते का याच्या सरकारी चाचणीचा ठसा असतो, फक्त काळ्या दारूसाठी असल्याची ‘पीएन’ ही अक्षरं असतात, आणि चाचणीचं वर्ष चौकटीतल्या संकेतानं दिलेलं असतं; १९७५ पासून तो संकेत दोन अक्षरांचा आहे. लबाड विक्रेता नेमक्या याच खुणा कानशीनं घासतो, आम्ल लावून लोखंडाला वय चढवतो आणि नक्कल अस्सल म्हणून खपवतो. म्हणून कुठला ठसा नळीच्या कुठल्या बाजूला, किती अंतरावर होता, तेही लिहून ठेवावं. ठसा गेला तरी घासलेली जागा बोलते.

नोंदींचं जाळं समजून घ्यायला मला वेळ लागला. इंटरपोलची ‘आयआर्म्स’ ही हरवलेल्या-चोरलेल्या शस्त्रांची यंत्रणा बनवणारा कारखाना, नमुना आणि क्रमांक यांवर चालते. प्रतिकृती तिथे सहज बसल्या. पण कारखानी क्रमांक पडू लागण्याआधीच्या बंदुकांचं काय? त्यांच्यासाठी मी चोरीच्या कलावस्तूंच्या इंटरपोल यादीचा आग्रह धरला. तिथली नोंद पोलिसांमार्फतच होते. शोध मात्र २०२१ मध्ये आलेल्या ‘आयडी-आर्ट’ या अ‍ॅपवरून कुणालाही घेता येतो. लंडनचं आर्ट लॉस रजिस्टर खासगी आहे, तिथे मालक स्वतः नोंद करू शकतो आणि अनेक लिलावगृहं विक्रीआधी ते तपासतात.

विम्याचं काम कटकटीचं पण सुटणारं होतं. प्रतिकृतींना दुकानाची पावती पुरली. अस्सल वस्तूंची किंमत आधीच ठरवून पॉलिसीत लिहिलेली होती, म्हणून घासाघीस टळली. एक कलम मात्र डोळ्यांत तेल घालून वाचा: भरपाई दिल्यावर वस्तूची मालकी विमा कंपनीकडे जाते. वस्तू सापडली तर भरपाई परत करून ती घेण्याचा पहिला हक्क माझा, हे मी पैसे स्वीकारण्याआधी लेखी घेतलं.

पहिला धागा एका संग्राहक मित्रामुळे मिळाला. ऑनलाइन लिलावात ‘अस्सल’ म्हणून लावलेलं टोपीचं पिस्तूल त्याला खटकलं. ती माझी प्रतिकृती होती. ठसे घासलेले होते, पण दस्त्यातली अक्रोडाच्या लाकडाची गाठ कोण घासणार? विक्रेत्याशी बोलायची जबर ऊर्मी आली. पण बोललो नाही, बोलीही लावली नाही. पान जतन करून तपास अधिकाऱ्याकडे दिलं. त्या एका पिस्तुलावरून पोलीस कोल्टपर्यंत पोचले.

जप्त झालेली वस्तू खटल्याचा पुरावा असते, ती लगेच हाती येत नाही. बोटांच्या घामातल्या मिठानं उघडं लोखंड गंजतं, म्हणून ओळख पटवताना मी हातमोजे घालून हाताळण्याची आणि कोरड्या जागी ठेवण्याची लेखी विनंती केली. तोवर कोल्टच्या नळीवर कुणाचा तरी अंगठा गंजातून उमटलाच होता. फार वाईट वाटलं. तो डाग मी आता वर्णनात जोडलाय.

मस्केट आणि तोड्याची बंदूक अजून सापडलेल्या नाहीत. मस्केटच्या खुणा वर आल्याच आहेत. तोड्याच्या बंदुकीच्या नळीच्या तोंडाशी चांदीच्या तारेचं वेलबुट्टीचं काम आहे, त्यातलं एक पान उखडलेलं; रंजकाच्या (बार पेटवणाऱ्या चिमूटभर दारूच्या) वाटीचं झाकण नंतर बसवलेलं, लोखंडाऐवजी पितळेचं; आणि दारू ठासायचा गज मूळचा नाही, बोटभर आखूड आहे. कुणाच्या पाहण्यात आली तर विकणाऱ्याला काही न बोलता जवळच्या पोलिसांना कळवा.