तुम्ही विचारलंत म्हणून: तुमच्या मुलाला खाली खेळायला का सोडता?

लिफ्टमध्ये, लग्नात, फिजिओकडच्या बाकावर, सगळीकडे हेच. "वॉकर घेऊन तो खाली जातो? पडला तर?"

पडतो. गुडघे सोलवटतात, पायाला आधार देणाऱ्या स्प्लिंटच्या पट्ट्यांत माती जाते. घरात बसवूनही तो पडतोच.

काही जण धीर द्यायला मुरलीकांत पेटकरांचं नाव घेतात. १९६५च्या युद्धात गोळ्या लागलेल्या या जवानाने १९७२ साली हायडलबर्गला पोहण्यात भारताला पहिलं पॅरालिम्पिक सुवर्ण मिळवून दिलं. मला त्यांचा अभिमानच आहे. पण नुसतं खेळायला मिळावं म्हणून माझ्या मुलाने आधी सुवर्ण का आणायचं?

शाळेने क्रीडादिनाला त्याच्या हाती पदकांचं तबक दिलं, तेव्हा मी २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याचं १६वं कलम घेऊन भांडले. इतरांच्या बरोबरीने खेळाची संधी, असं त्यात स्पष्ट लिहिलंय. आणि त्याच वर्षी मे महिन्यात मी स्वतः काय केलं?

डबा ऐसपैस चालू होतं. तोवर तो लिंबूटिंबू, सापडला तरी राज्य नाही. त्या दिवशी पोरांनीच ठरवलं, त्याच्यावर राज्य आलं तर टाकीच्या पलीकडे कुणी लपायचं नाही. आणि आलं राज्य. लांब फेकलेला डबा आणायला तो वॉकर ढकलत गेला. दोन्ही हात वॉकरला, म्हणून डबा शर्टात कोंबला. रिंगणात ठेवून शोधायला वळला, तोच कुणीतरी डबा उडवला. पुन्हा गेला. पुन्हा उडवला. तिसऱ्यांदा मी गॅलरीतून खाली धावले. "कशाला छळता रे त्याला? दुसरं कुणीतरी घ्या राज्य."

पोरं गप्प. एकाने डबा उचलला. "घेतो मी, काकू."

घरी स्प्लिंट काढताना तो एवढंच म्हणाला, "आई, टाकीमागे कोण होतं ते मला कळलं होतं."

नंतर पंधरा-वीस दिवस तो खाली उतरला नाही.

तुम्ही असतात तर नसतात धावलात? मी आजही म्हणेन, तिसऱ्यांदा बघवत नाही. पण मी गॅलरीत दिसले की पोरं अजूनही त्याच्यावर राज्य येऊ देत नाहीत. म्हणून साडेपाचला गॅलरीचं दार लावून आत बसते. उद्या ही पोरं क्रिकेटकडे वळली की काय करायचं, ठाऊक नाही. डबा उडाल्याचा आवाज आला की अजून उठते, दारापर्यंत जाते.