दुखणारं पेन

दहावीला इंग्रजीचे 80 गुण लेखी आणि 20 तोंडी. त्या 20 गुणांची खेड्यापाड्यांत काय तऱ्हा असते ते शिक्षकांना ठाऊक आहे, जास्त बोलत नाही. पोरांना नववीपासूनच तोंड उघडायची सवय लागावी म्हणून यंदा मी फोनलाच परीक्षक केलं. कीबोर्डवरचं माइकचं चिन्ह दाबायचं, भाषा 'इंग्लिश इंडिया' ठेवायची आणि बोलायचं. फोन प्रोजेक्टरला जोडलेला, त्यामुळे उमटलेला शब्द सगळ्या वर्गाला दिसे. नेट अर्थातच माझ्या हॉटस्पॉटवरचं.

पहिल्या दिवशी सुटे शब्द घेतले आणि वर्गाची दाणादाण उडाली. मराठीत 'ए' एकच. इंग्रजीत तिथे दोन उच्चार आहेत: एक आखूड, झटकन सुटणारा, दुसरा 'ए'वर सुरू होऊन 'इ'कडे घसरणारा. आपण दोन्हींवर एकच मात्रा देतो आणि मोकळे होतो. म्हणून लिहायचं पेन आणि दुखायचं पेन, मिळायचं गेट आणि कुंपणाचं गेट, परीक्षेची टेस्ट आणि जिभेची टेस्ट, आपल्या कानाला सगळं सारखंच. त्यात आमच्या सोलापूरकडे एसटीची यष्टी होते, शब्दाच्या सुरुवातीला 'य' चिकटतो. एका मुलीने 'कान'साठीचा शब्द उच्चारला तर पडद्यावर 'वर्ष' आलं. तिला दहापैकी दोन पडले. मी ते वहीत लिहूनही टाकले.

पुढच्या मंगळवारी वाक्यं घेतली, आणि चमत्कार! सगळे पास. तीच मुलगी, तोच उच्चार, पण वाक्यात 'कान' बरोबर उमटला. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटत होते, तेवढ्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "मॅडम, त्यो ऐकत न्हाई. अंदाज करतोय."

हा मुलगा वर्षभरात आपणहून बोललेला मला आठवत नाही. म्हटलं, कशावरून? तर म्हणाला, "आधी कुंपणाचं गेट आलं हुतं. पुढचं ऐकलं आन् मागचं पुसून दुसरं केलं. आमच्या आज्जीला कमी ऐकू येतं, ती बी आसंच करती."

पुन्हा बोलून पाहिलं. खरंच! वाक्य पुढे सरकलं की मागचा शब्द बदलत होता. यंत्र आवाज ऐकतं, पण शेजारच्या शब्दांवरून काय संभवतं तेही ताडतं, हे मी कुठेतरी वाचलेलं होतं. वर्गात शिरताना विसरले होते, एवढंच. म्हणजे सुट्या शब्दांना आधार नाही म्हणून नापास, आणि वाक्यात चुकीचा उच्चारही पास. वहीतले ते दोन गुण मला टोचायला लागले. तिच्यासमोरच खोडले.

मग पोरांना चेव आला. आज्जीला फसवायचं! त्यासाठी असं वाक्य हवं, ज्यात दोन्ही शब्द चालतील. एरवी पाच ओळींचा निबंध लिहा म्हटलं की पेन्सिलींना टोक काढत बसणारी पोरं डोकी एकत्र करून इंग्रजी वाक्यं जुळवायला लागली. बरीचशी व्याकरणाने लंगडी, पण मी तोंडाला कुलूप घातलं. शेवटी एकीने साधंच वाक्य काढलं: 'आय हॅव अ पेन'. वस्तू असेल, नाहीतर दुखणं. फोनने मात्र दर खेपेला लिहायचंच पेन दिलं, कुणी कसंही म्हणो.

मी फोन खिशात टाकला. जोड्या केल्या: एकाने पाठ फिरवून उभं राहायचं, दुसऱ्याने ते वाक्य म्हणायचं. लिहायचं ऐकू आलं तर पेन वर, दुखायचं ऐकू आलं तर हात पोटावर. चुकला की भांडण. "मी घसरवलं हुतं!" "न्हाई घसरवलं!" उच्चारावरून भांडणारी पोरं मी नोकरीत पहिल्यांदाच पाहिली.

गोंगाट ऐकून मुख्याध्यापक दारात आले. अर्धा वर्ग पोट धरून उभा. "काय झालं? खिचडी बाधली का?"

मागच्या बाकावरचा तो खाडकन उभा राहिला. "नो सर. पेन."

त्याचा एक हात पोटावर होता आणि पेन कानावर. दोन्हींतलं कुठलं म्हणाला, ते मलाही ओळखता आलं नाही.