बिलाची रक्कम, सुपर आणि दोन कंस

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्याचं बिलिंग सॉफ्टवेअर रेल्स (रुबी भाषेतली वेब फ्रेमवर्क) ४.२ वरून ५.१ वर न्यायचं काम माझ्याकडे आलं. डेटाबेस, लॉगिन, रिपोर्ट, सगळं बिनबोभाट झालं. घोडं अडलं ते बिलाची एकूण रक्कम काढणाऱ्या एकाच मेथडवर, म्हणजे कोडच्या एका नाव दिलेल्या तुकड्यावर.

तिच्यावर दोन थर होते, म्हणजे मूळ मेथडला गुंडाळून तिच्या कामात भर घालणारा कोड. डीलरच्या सवलतीचा आमच्या कोडमध्ये, अलायस मेथड चेन वापरून, म्हणजे मूळ मेथड दुसऱ्या नावाने बाजूला ठेवून तिच्या जागी आपली बसवणाऱ्या रेल्सच्या सोयीने. वाहतूक खर्चाचा एका बाहेरच्या जेममधून (रुबीच्या तयार लायब्ररीतून), तेच काम हाताने करणाऱ्या साध्या अलायसने. अलायस मेथड चेन ५.१ मध्ये काढूनच टाकली आहे. त्याऐवजी प्रीपेंड (आपला थर क्लासच्या आधी लावणं) वापरा म्हणतात. ते रुबी २.० पासून, म्हणजे २०१३ पासून आहे. सवलतीचा थर तसा बदलला आणि स्क्रीनवर ‘स्टॅक लेव्हल टू डीप’, म्हणजे मेथड एकमेकींना हाक मारतच राहिल्या. खाली त्याच दोन ओळी आलटून पालटून, स्क्रोल करून बोट दुखेपर्यंत.

कारण असं. प्रीपेंड केलेला थर क्लासच्या पुढे बसतो. नंतर लोड होणारा जेम ‘मूळ’ मेथड अलायस करून बाजूला ठेवायला जातो, तर त्याच्या हाती माझाच थर लागतो. माझा थर सुपर (‘पुढच्या मेथडला हाक मार’) म्हणतो, ते जेमकडे जातं. जेम त्याने ठेवलेल्या ‘मूळ’कडे, म्हणजे परत माझ्याकडे. एका मेथडवर एकच पद्धत ठेवा, मिसळ नको. मी जेमचाच तो तुकडा प्रीपेंडने लिहून घेतला.

एवढ्यावर सुटलो असं वाटलं, तर मागच्या वर्षीची बिलं आजच्या दराने निघायला लागली. एरर नाही, काही नाही! मेथड तारीख घेते, आणि न दिल्यास आजची धरते. माझ्या जोडीला असलेला पोरगा जावातून आलेला, त्याने सवयीने सुपरपुढे रिकामे कंस टाकले. रुबीत नुसतं सुपर म्हटलं की आलेले आर्ग्युमेंट (मेथडला दिलेली माहिती, इथे तारीख) पुढे जातात. रिकामे कंस दिले की काहीच जात नाही. आणि मध्ये त्या आर्ग्युमेंटची किंमत बदलली असेल तर नुसतं सुपर बदललेली किंमत पाठवतं. कॉमन लिस्प या भाषेत सुपरसारखं कॉल-नेक्स्ट-मेथड नुसतं लिहिलं तर मूळ आर्ग्युमेंटच जातात. मला तेच शहाणपणाचं वाटतं.

खरा राग वेगळाच आहे. वारशातल्या वरच्या क्लासकडे जायलाही सुपर, आणि गुंडाळलेल्या मेथडकडे जायलाही सुपर. कोड वाचताना कोण कुणाला हाक मारतंय ते कळत नाही. पर्ल भाषेच्या मूझ या लायब्ररीत बिफोर, आफ्टर, अराउंड असे सरळ शब्द आहेत, आणि अराउंडला मूळ मेथड पहिलं आर्ग्युमेंट म्हणून हातात मिळते. रुबीवाल्यांनी एक अराउंड दिलं असतं तर काय बिघडलं असतं?

हे आधीच सांगायला हवं होतं: अडकलात तर कन्सोलवर क्लासचे अ‍ॅन्सेस्टर्स (मेथड ज्या क्रमाने शोधली जाते ती यादी) छापून बघा. थर कुठल्या क्रमाने बसलेत ते दिसतं. फक्त अलायसने चढवलेले थर त्या यादीत येत नाहीत, ते कोडमध्येच हुडकावे लागतात.