घोडेमोडणीचा घोडा अडखळतो तेव्हा

पणजीत पाटोला आमचं छोटं ऑफिस आहे. शिगम्याआधी संगणकावरचा एक खेळ पुरा करायचा होता: कमरेला लाकडी घोडा बांधून तलवार नाचवणारा घोडेमोडणीचा गडी बाणांच्या कळांनी पडद्यावर फिरवायचा. चित्रं देखणी झाली होती, ढोल-ताशांचा ठेकाही जमला होता. पण चाचणी करणारी आमची सहकारी साखळी गावची, लहानपणापासून घोडेमोडणी बघत आलेली. तिनं उजवा बाण दाबून धरला आणि म्हणाली, "दादा, हा निघतानाच अडखळतो. एक पाऊल टाकतो, थबकतो, मग धावतो. आमच्याकडचा घोडा असा नाचत नाही."

सकाळभर संशय चित्रांवरच होता. ॲनिमेशनच्या फ्रेम तपासल्या, त्यात काही सापडलं नाही. दुपारी तिनंच कोऱ्या फाइलीत 'क' दाबून धरला. एक 'क', क्षणभर उसंत, मग ककककक. अगदी तोच ठेका!

मला तिथंच उलगडा झाला. कळ दाबून धरली की ऑपरेटिंग सिस्टिम 'कळ दाबली' अशी सूचना पुन्हा पुन्हा धाडते. विंडोजमध्ये पहिल्या सूचनेनंतरची उसंत पाव सेकंद ते एक सेकंद असते. टायपिंगला ही सोय उत्तमच. पण हाती आलेल्या कोडमध्ये दर सूचनेला एक पाऊल, असा हिशेब होता. शिवाय पुनरावृत्ती शेवटच्या कळेचीच होते, म्हणून धावताना वरचा बाण दाबला की उजवीकडची चाल बंद.

मग सूचनेचं काम फक्त नोंदीपुरतं ठेवलं: ही कळ खाली गेली, ही सुटली. घोडा हलवायचा तो प्रत्येक फ्रेमला, म्हणजे पडद्यावर दर नवं चित्र उमटताना, ती नोंद बघून, वेगाला मागच्या फ्रेमपासून लोटलेल्या वेळानं गुणून. आता ६० हर्ट्झच्या (सेकंदाला ६० चित्रं दाखवणाऱ्या) आणि १४४ हर्ट्झच्या पडद्यावर तो सारखंच अंतर कापतो. दोन बाण धरून तिरका जाताना वेग १.४१ पट होत होता, तोही सरळ चालीइतका केला. मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती खिडकीची बाब. बाण दाबलेला असताना दुसऱ्या खिडकीत गेलं, तर कळ सुटल्याची सूचना खेळाला मिळतेच असं नाही आणि घोडा एकटाच धावत सुटतो. म्हणून खिडकीवरचं लक्ष हललं की सगळ्या नोंदी पुसायच्या.

तिनं पुन्हा बाण दाबला. घोडा दाबताक्षणी निघाला, वळला, थांबला. "हां, आता नाचतोय!" ती म्हणाली.

एक तक्रार मात्र उरली. वरचा आणि डावा बाण धरून स्पेसबार मारला, तर काही कीबोर्डांवर उडी लागेना. तिथं कोडचा इलाज नाही. साध्या कीबोर्डात कळा तारांच्या जाळीवर असतात आणि काही तीन कळा एकदम दाबलेल्या त्याला ओळखता येत नाहीत. खेळ शाळकरी मुलांसाठी, त्यांच्यापुढे असेच कीबोर्ड असणार. उडी शिफ्टवर न्यावी, तर ती लागोपाठ पाच वेळा दाबली की विंडोज स्टिकी कीजची, म्हणजे जोडकळा एकेक करून दाबता येण्याच्या सोयीची, खिडकी पुढे करतं. शेवटी कंट्रोल ठरली, आणि कळा बदलायची सोय सेटिंगमध्ये दिली.